पाचवी भाषा

म्हैसूरच्या मराठी घरांत मुलाचा बायोडाटा मुलगा लिहीत नाही. तो मामा लिहितो. मुलानं स्वतः लिहिला तर त्यात खरं येण्याचा धोका असतो.

संताजीचा बायोडाटा भुजंगरावमामांनी लिहायला घेतला तेव्हा संताजी एकोणतीस वर्षांचा होता, आणि दहाव्या मिनिटाला अठ्ठावीसचा झाला. उंची पाच-सातची पाच-नऊ झाली. एका खासगी कॉलेजच्या लायब्ररीत तो सहायक होता. फाटलेली पुस्तकं शिवणं, चिकटवणं हे त्याचं मुख्य काम. त्याचं 'ज्ञानसंपदा विभागात अधिकारी' झालं. मग 'येणाऱ्या भाषा' हा रकाना आला. मामांनी मराठी, कन्नड, इंग्रजी, हिंदी लिहिलं आणि पेन थांबलं.

"ह्या चार तर गावात कुत्र्यालाही येतात," मामा म्हणाले. "शेजारच्या शेषगिरीच्या पोरानं तेलुगू घातलीय पाचवी. आपल्याकडं काय आहे?"

आपल्याकडं काहीच नव्हतं. पण सोफ्यावर एक पुस्तक पडलं होतं. कुणा जुन्या प्राध्यापकानं लायब्ररीला दान केलेलं इटालियन व्याकरण, संताजीनं बांधणीसाठी घरी आणलेलं. मामांनी मान वाकडी करून त्याचा कणा वाचला आणि पाचवी भाषा लिहून टाकली.

"मामा, मला इटालियन येत नाही."

"हिंदी येते?"

"तशी... थोडी."

"ती लिहिली तेव्हा गप्प बसलास. आता सुम्मने, उगीच का बोलतोस?"

संताजीनं पुस्तक उचलून कडेला ठेवलं. शिवाय मामांचं म्हणणं, इटालियन तपासायला कोण येणार? बेट्टदपुराच्या डोंगरावरून कुणी उतरून परीक्षा घेणार आहे का?

कुणी उतरलं नाही. उलट सरस्वतीपुरमहून फोन आला.

पांडुरंगराव म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांची मुलगी तुंगा हूटगळ्ळीच्या एका अगरबत्ती कंपनीत होती. तिच्याही बायोडाटात एक ओळ होती: 'कंपनीचा इटलीशी होणारा सर्व पत्रव्यवहार सांभाळते.' फोनवर पांडुरंगराव म्हणाले, मुलीनं सतरा बायोडाटांतून हाच स्वतः उचलला. मामांनी फोन ठेवला आणि संताजीकडं असं बघितलं, की जणू त्याला जन्मही त्यांनीच दिला होता.

पहिली भेट एका हॉटेलात झाली, वीस मिनिटांची, दोघांचीच. कॉफी आली. तुंगानं एक घोट घेतला आणि वेटरला परत बोलावलं.

"ही कालची आहे," ती शांतपणे म्हणाली. "ज्यानं काल मागितली होती त्याला द्या."

संताजीचं मन तिथंच जडलं. त्यानंतर ती काय बोलली, तो काय बोलला, हे त्याला नीट आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की इटालियनचा विषय निघाला तेव्हा त्यानं घाईनं तो हवापाण्यावर नेला, आणि तीही लगेच, जरा जास्तच लगेच, हवापाण्यावर आली. किती नम्र मुलगी, त्याला वाटलं. येतं पण मिरवत नाही.

चार दिवसांनी पांडुरंगरावांचा पुन्हा फोन. पॅकिंगचं नवीन मशीन बसवायला इटलीहून इंजिनियर आलाय, एट्टोरे नावाचा. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी त्याला जेवायला बोलावलंय. त्याच दिवशी तुम्हीही या. मुलगा त्याच्याशी चार शब्द बोलेल, आम्हाला कौतुक वाटेल, आणि देव मनात आणेल तर तिथंच सुपारी फोडू.

"चार शब्द," मामा म्हणाले. "दहा दिवस आहेत. दिवसाला अर्धा शब्दसुद्धा पडत नाही, अल्वा, खरं ना?"

संताजीनं पुस्तक उघडलं. त्याची अवस्था त्याला नव्यानं कळली. कसरीनं पहिले दहा धडे चाळणीसारखे करून ठेवले होते. 'मी आहे, तू आहेस' ह्या पानावर 'मी' उरला होता. बारावा धडा आणि त्यापुढचं सगळं ओलीनं एकमेकांना चिकटून वीट झालं होतं. धडधाकट होता तो फक्त अकरावा. त्याचं नाव होतं: नामांपासून क्रियापदं कशी बनवावीत.

आधी तो खचला. मग वाचता वाचता ताठ बसला. धडा म्हणत होता की इटालियनमध्ये क्रियापद पाठ करायची फार गरज नाही, घरी बनवता येतं. एखादं नाम घ्यायचं आणि त्याला शेपूट लावायचं. मीठ म्हणजे साले, 'आरे' लावलं की सालारे, मीठ घालणे. साखर म्हणजे झुक्केरो, झाली झुक्केरारे. काही शब्दांना 'इफिकारे' लागतं, काहींना 'इझ्झारे'. आणि सगळ्यांत झकास म्हणजे 'एज्जारे'. हे लावलं की माणूस त्या वस्तूसारखा वागायला लागतो. पावोने म्हणजे मोर. पावोनेज्जारे म्हणजे मोरासारखं पिसारा फुलवून मिरवणे. संताजीनं समोर बघितलं. मामा नवीन शर्ट घालून आरशासमोर उभे होते.

त्यात परकं असं काही नव्हतंच. आपल्याकडं लाथ असते, तिचं लाथाडणं होतं. फेस असतो, तो फेसाळतो. कन्नडवाले तर कशालाही 'इसु' चिकटवून मोकळे होतात, चिंतेचं चिंतिसु, प्रीतीचं प्रीतिसु. म्हणजे सगळ्या भाषांचा धंदा एकच. आणि संताजीचा तर उभा जन्म चिकटवण्यात गेला होता.

त्यानं हिशेब मांडला. क्रियापदं दिसत नाहीत, म्हणून ती अवघड. नामं दिसतात. जेवणाच्या पंगतीत समोर काय काय असेल? मीठ, साखर, लिंबू, भात, केळीचं पान, पंखा. एवढ्या नामांचे इटालियन शब्द फोनवरून पाठ करायचे, समोर दिसेल त्याला शेपूट लावायचं, आणि शेवटी आवाज वर न्यायचा म्हणजे प्रश्न होतो. दहा दिवस तो घरभर फिरून वस्तूंना शेपटं लावत होता. पंखा लावताना 'व्हेंतिलातोरेज्जारे' म्हणायचा. ह्याचा अर्थ पंख्यासारखं वागणे. तो शब्द इटलीत असेल-नसेल, पण नियमात बसत होता, आणि सरकारी नोकरीतसुद्धा ह्यापेक्षा जास्त काही लागत नाही.

रविवार आला. पांडुरंगरावांच्या हॉलमध्ये खाली पंगत मांडली होती. एट्टोरे सहा फूट, लाल, मांडी घालायला गेला तर गुडघे कानाला लागत होते. इंग्रजी त्याला मशीनपुरतंच येत होतं: प्रेस, स्टॉप, डेंजर, हात काढा. पांडुरंगराव त्याच्या उजव्या हाताला बसले, संताजी डाव्या. समोर मामा, साक्षीदारासारखे. तुंगा आणि तिची आई भवानीबाई वाढत होत्या. तुंगा एट्टोरेच्या जवळून जाताना दर वेळी त्याच्याकडं बघून गोड हसायची आणि तो काही बोलायच्या आत आमटी आणायला जायची.

"हं," पांडुरंगराव म्हणाले, "होऊ द्या सुरू संताजीराव."

संताजीनं पानावरच्या मिठाकडं बोट केलं. "सालारे?"

एट्टोरेचा चेहरा उजळला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या भाषेत त्याला मीठ विचारत होतं. तो भराभरा काहीतरी बोलला, हात हलवत, मिनिटभर. संताजीनं ते सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि साखरेकडं बोट केलं.

"झुक्केरारे?"

एट्टोरे जरा थांबला. मग हसला. मामांनी पांडुरंगरावांकडं बघून भुवया उडवल्या. पांडुरंगराव प्रसन्न दिसत होते. संताजीला हुरूप आला. त्यानं लिंबाची फोड उचलली, एट्टोरेच्या पानाकडं नेली, आणि अत्यंत आदबीनं विचारलं, "लिमोनारे?"

आता झालं असं, की हा शब्द इटलीत खरोखर आहे. नियमातही बसतो. पण तिथल्या कॉलेजातली पोरंपोरी मागच्या बाकावर एकमेकांचं जे चुंबन घेतात, त्याला तो वापरतात. जुन्या व्याकरणात हे कुठून येणार? एट्टोरेनं संताजीकडं बघितलं. लिंबाकडं बघितलं. भावी सासऱ्याकडं बघितलं. मग तो मांडी न मोडता, बसल्या जागीच, वीतभर पांडुरंगरावांकडं सरकला.

"काय म्हणाला?" पांडुरंगरावांनी विचारलं.

"लाजला," मामा म्हणाले.

त्यानंतर एट्टोरे बोलायचा बंद झाला आणि फक्त जेवू लागला. त्याची चूक झाली ती इथं. त्याच्या घरी पान चाटूनपुसून संपवलं की यजमानाचा मान राखला जातो. इथं पान रिकामं दिसलं की यजमानाला भरतं येतं. बस म्हणायचं तर 'साकू' म्हणावं लागतं, तेही तीनदा, शिवाय पानावर आडवा पडून. आणि हा शब्द त्याला कुणी शिकवला नव्हता. तो पुलाव संपवायचा, भवानीबाई वाढायच्या. तो पुन्हा संपवायचा. नाचणीचा मुद्दे, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, त्यानं चावून खाल्ला. मुद्दे चावायचा नसतो, गिळायचा असतो, पण ते सांगायचं कुठल्या भाषेत? घरात इटालियन येणारे दोघं होते, आणि दोघंही त्याच्या नजरेला नजर देत नव्हते.

संताजी हात धुवायला मागच्या नळावर गेला. तिथं तुंगा उभी होती, पदर खोचून, हातात रिकामं भांडं.

"तुम्हाला खरंच इटालियन येतं का?" तिनं हळूच विचारलं.

तो खोटं बोलणार होता. तसं तोंड उघडलंही होतं. पण कालची कॉफी परत पाठवणाऱ्या बाईला कालचं उत्तर कसं द्यायचं?

"अकरावा धडा येतो."

"आणि बाकीचे?"

"कसरीनं खाल्ले."

तुंगानं भांडं खाली ठेवलं आणि नळाच्या कट्ट्यावर बसली. "झालं मग," ती म्हणाली. "दोघंही बुडालो."

"तुम्ही का? तुम्ही तर सगळा पत्रव्यवहार करताय त्यांच्याशी."

"माझा फोन करतोय. मी कन्नडात टाकते, तो इटालियनमध्ये काढतो. साहेबांना वाटतं मला येतं. अप्पांनी तर आमच्या क्रॉसवरची आख्खी गल्ली गोळा करून सांगितलंय. त्या माणसाला तीन आठवडे टाळलं. उद्या साहेब, मी आणि तो, तिघांनी समोरासमोर बसायचंय मीटिंगला." तिनं त्याच्याकडं बघितलं. "सतरा बायोडाटा आले. त्या एका शब्दासाठी तुमचा काढला मी. वाटलं, आठ दिवसांत शिकवाल थोडं."

"फक्त त्या शब्दासाठी?"

"उंचीसाठी पण. तीसुद्धा खोटी निघाली."

संताजीला वाईट वाटायला हवं होतं. पण ती हसत होती, अगदी थोडी, आणि त्याच्या मनात एकच आलं, की ही संधी गेली तर आपली बायको ही नसेल.

"मी आत जाऊन सांगून टाकतो," तो म्हणाला. "माझ्यापुरतं. तुमचं नाव घेत नाही."

"अय्यो, थांबा जरा," ती म्हणाली, पण तेवढ्यात आतून पांडुरंगरावांची हाक आली.

पांडुरंगरावांनी नोकरीत एकतीस वर्षं वागणुकीचे दाखले दिले होते. कागदावर नसलेल्या कुठल्याही गुणावर त्यांचा विश्वास नव्हता. सूर्य उगवतो हेही ते पंचांगात बघून मान्य करत. एट्टोरेच्या मांडीवर त्यांनी एक कोरा जाड कागद ठेवला होता, हातात पेन दिलं होतं, आणि सावकाश, एकेक शब्द तोडून इंग्रजीत सांगत होते, की मनात जे आहे ते स्पष्ट लिहा. दोन ओळी पुरेत. ते बोलताना भवानीबाई स्वयंपाकघरातून केसरीभाताचं पातेलं घेऊन आल्या.

एट्टोरेनं पातेल्याकडं बघितलं. पेन घट्ट धरलं. आणि भराभर चार ओळी लिहिल्या, शेवटची ओळ दोनदा अधोरेखित केली, खाली सही ठोकली.

"वा," पांडुरंगराव म्हणाले. "अधोरेखित पण केलं." त्यांनी कागद संताजीपुढं धरला. "वाचा बघू मोठ्यानं."

संताजीनं कागद घेतला. चार ओळींत ओळखीचं एकही शेपूट नव्हतं. मामा समोरून डोळ्यांनी सांगत होते, की काहीही म्हण, कोण तपासणार. पण संताजी म्हणाला, "सर, खरं सांगायचं तर मला..."

"स्वतःचा दाखला स्वतः वाचायचा नसतो," तुंगा म्हणाली आणि तिनं कागद त्याच्या हातून काढून घेतला. "तुम्हीच म्हणता ना अप्पा?"

"ते बरोबर आहे," पांडुरंगराव म्हणाले. "शिस्त ती शिस्त. तू वाच."

तुंगानं कागद डोळ्यांसमोर धरला. तिचा चेहरा रेशन कार्ड वाचणाऱ्या कारकुनासारखा होता.

"'श्रीयुत संताजीराव यांच्याशी बोलून समाधान वाटलं. त्यांचं इटालियन फार जुन्या वळणाचं आहे.'"

"बघा," मामा म्हणाले.

"'स्वभावानं सरळ. खोटं बोलायला गेले तर जमत नाही.'"

मामांना ठसका लागला.

"'सदर मुलीनं लग्नानंतर नोकरी सोडू नये.'"

"हे त्याला काय करायचंय?" पांडुरंगरावांनी विचारलं.

"मशीन त्याचं आहे अप्पा. ते मी बघते. काळजी वाटते माणसाला." ती पुढं वाचू लागली. "'लग्न साधं करावं. दोनशेच्या वर पानं वाढू नयेत. जोडप्यानं वेगळं राहावं, मुलाच्या मामांपासून किमान तीन बस स्टॉप लांब.'"

"मला कुठं ओळखतो तो?" मामा म्हणाले.

"निरीक्षण दांडगं असतं त्या लोकांचं."

"साडीबद्दल काही लिहिलंय का?" भवानीबाईंनी विचारलं.

"त्यात नाही पडला, आई."

पांडुरंगरावांनी चष्मा पुसला आणि कागद हातात घेऊन उलटासुलटा केला. हेडमास्तर शेवटी हेडमास्तर. "एवढं सगळं चार ओळींत बसलं?"

"इटालियनमध्ये शब्दाला शेपूट लावतात अप्पा. निम्मं वाक्य त्यातच जातं. विचारा ह्यांना."

सगळ्यांनी संताजीकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढं असा प्रश्न आला होता, ज्याचं उत्तर त्याला खरंच येत होतं, आणि तेच नेमकं खोटं ठरणार होतं.

"हो," तो म्हणाला. "त्याला एज्जारे म्हणतात."

पांडुरंगराव तरीही पूर्ण विरघळले नव्हते. ते एट्टोरेकडं वळले, त्या दोनदा अधोरेखित ओळीवर बोट ठेवलं आणि इंग्रजीत विचारलं, की हे मनापासून लिहिलंय ना?

एट्टोरेनं ओळ बघितली. भवानीबाईंच्या हातातला डाव बघितला. त्यानं दोन्ही हात जोडले, अगदी आपल्यासारखे, डोळे मिटले आणि म्हणाला, "पेर फाव्होरे. पेर फाव्होरे."

"ह्याचा अर्थ?"

"कृपया," तुंगा म्हणाली. एवढा एक शब्द तिला फोनशिवाय येत होता.

पांडुरंगरावांचे डोळे पाणावले. "परका माणूस," ते म्हणाले, "सात समुद्र ओलांडून आलेला, आपल्या पोरीसाठी हात जोडतोय. आणि आपण ओळींची संख्या मोजत बसायचं?" त्यांनी भवानीबाईंना सुपारी आणायला सांगितलं. केसरीभात मात्र टळला नाही. सुपारीच्या आनंदात भवानीबाईंनी एट्टोरेला तो दुप्पट वाढला.

निघताना संताजी स्कूटर काढत होता, मामा पानाची पिंक टाकायला कोपऱ्यावर गेले होते. तुंगा फाटकापर्यंत आली. तिनं मघाशी कागदाचा फोटो काढून ठेवला होता.

"खरं काय लिहिलंय ते बघायचंय?" तिनं विचारलं आणि फोन त्याच्यापुढं धरला. फोननं तिला कन्नडात काढून दिलं होतं. 'बाईसाहेब, मी आपला शतशः ऋणी आहे. जेवण उत्तम होतं. माझ्या पोटात आता तीळभर जागा नाही. कृपया मला आणखी काही वाढू नका.'

संताजीनं ते दोनदा वाचलं. मग हॅन्डलवर डोकं टेकून हसत राहिला, आवाज न करता, कारण आत एट्टोरे अजून केसरीभातापाशी होता.

"आणि उद्याची मीटिंग?" हसू आवरल्यावर त्यानं विचारलं.

"साहेबांना सांगून टाकणार आहे. चिडतील. मग मशीन बंद पडेल आणि मलाच बोलावतील. त्यांना तर फोनसुद्धा नीट लावता येत नाही."

"आणि..." त्यानं स्कूटरचा आरसा सरळ केला. "आत जे ठरलं, ते ठरू द्यायचं का? तुमचं स्वतःचं काय म्हणणं?"

तुंगानं त्याच्याकडं असं बघितलं, जणू विचारत होती, हा मनुष्य खरंच लायब्ररीत काम करतो का.

"मघाशी मोठ्यानं वाचून दाखवलं की सगळं," ती म्हणाली. "दोनशे पानं. तीन बस स्टॉप. लक्षात ठेवा."

पांडुरंगराव बाहेर आले, हातात तो कागद, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घातलेला. हॉलमध्ये लावायचा होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. फ्रेमचं काम नवऱ्या मुलानंच करावं, एवढी कागदाची कदर दुसऱ्या कुणाला असणार?

सोमवारी संध्याकाळी संताजी लायब्ररीतून सुटून फ्रेमवाल्याकडं गेला. हयग्रीव नावाचा म्हातारा, देवांच्या तसबिरींत वय गेलेलं. त्यानं कागद काचेवर ठेवला, सुरकुती साफ केली, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"कुठली भाषा, सार?"

"इटालियन."

"तुम्हाला येते?"

"नाही."

हयग्रीवनं मान वर केली. फ्रेम करायला आणलेल्या कागदाबद्दल असं आजवर कुणी त्याच्यापुढं कबूल केलं नव्हतं. "मग ह्यात काय लिहिलंय ते तरी ठाऊक आहे?"

"हो," संताजी म्हणाला. "माझं लग्न ठरलंय."